उसना नवरदेव

गॅदरिंगच्या आदल्या दिवशी आमच्या परभणीच्या कॉलेजात एक स्पर्धा व्हायची. पोरापोरींच्या टीम करायच्या, सकाळी प्रत्येक टीमच्या हातात एक यादी द्यायची आणि दिवस मावळायच्या आत यादीतलं जेवढं जमेल तेवढं मंचावर आणून हजर करायचं. यादी कोण काढायचं कोण जाणे, पण त्यात सरळ वस्तू एक नसायची. त्या वर्षी होतं: चष्मा घातलेल्या शेळीचा फोटो, ज्या घरात कुणीच चहा पीत नाही अशा घरातली कपबशी, गाणं म्हणून दाखवणारा एसटी कंडक्टर. आणि शेवटी, सर्वांत जास्त गुणांचं, बाशिंग बांधलेला खराखुरा नवरदेव.

आमच्या टीममध्ये आम्ही तिघं. एक परभणीचीच मैत्रीण, ती कॅप्टन. हरणं म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. दुसरा ताडकळसचा एक वर्गमित्र, मोजकंच बोलणारा. आणि तिसरी मी, पाथरीहून येऊन होस्टेलवर राहणारी, कुठल्याही गोष्टीत आधी काय बिघडेल तेच दिसणारी.

शेवटची ओळ वाचून आम्ही दोघी हसलो. आमचा ताडकळसवाला मात्र शांतपणे म्हणाला, "नवरदेव हाय माझ्याकडं."

त्याच्या चुलत बहिणीचं त्याच दिवशी गोरज मुहूर्तावर ताडकळसला लग्न होतं. वऱ्हाड गंगाखेडकडून सकाळीच आलेलं होतं. तो दुपारी गावाकडं निघणारच होता.

"तू जा ह्याच्यासंगं," कॅप्टन मला म्हणाली. "मी शेळीचं बघते."

मी नको नको म्हणत असतानाच त्याच्या मोटारसायकलवर मागं बसले. रस्ताभर ओढणी तोंडाला गुंडाळलेली. दोन्हीकडं ज्वारी निसवलेली, शेतात माणसं, आणि प्रत्येक माणूस मला माझा नातेवाईक वाटत होता.

वऱ्हाड उतरलं होतं त्या जानोशाच्या घरी नवरदेव एका गादीवर एकटाच बसला होता. फेटा, शेरवानी, सगळा तयार. बाकीचे जेवायला गेले होते. मित्रानं चाचरत चाचरत स्पर्धेचं सांगितलं. आता हा माणूस आपल्याला हाकलून देणार, असं मी धरून चालले होते. पण तो लगेच उठला.

"परभणीला? चला की," तो म्हणाला. तोंड फार न उघडता बोलायची त्याची सवय असावी, असं मला वाटलं. करवल्याला त्यानं बाहेरूनच सांगितलं, "मारुतीच्या पाया पडून येतो," आणि बाशिंग काखोटीला मारून निघाला.

मोटारसायकलवर तिघं बसणं शक्य नव्हतं. मांडवाच्या मागं नवरदेवाची गाडी उभी होती, झेंडूच्या माळा आणि समोर गुलाबाचा मोठा गुच्छ लावलेली. ड्रायव्हर पंगतीला गेलेला, चावी गाडीलाच. मित्र गाडी चालवायला बसला. त्याच्या शेजारच्या सीटवर आहेराचे डबे रचलेले होते, त्यामुळं मला मागं बसावं लागलं. नवरदेवाच्या शेजारी.

गाडी गावाबाहेर पडेपर्यंत माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. नंतर एकदम सगळं आलं. फुलांच्या गाडीत, बाशिंगवाल्या माणसाच्या शेजारी, तोंड लपवून बसलेली पोरगी म्हणजे लोकांना कोण वाटणार? मी तोंडावरची ओढणी काढली, तर ओळखू येईन म्हणून परत घेतली. परभणीत शिरताना रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. पेरू विकणाऱ्या एका बाईनं काचेतून आत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "जोडा लय ग्वाड हाय गं माय!" नवरदेवानं तिला हात जोडले. मी सीटच्या खाली सरकले. माझ्या मामाचं किराणा दुकान त्याच रस्त्याला पुढं होतं.

कॉलेजात मात्र कल्ला झाला. नवरदेव मंचावर चढला, बाशिंग बांधून उभा राहिला, परीक्षक सरांनी त्याला दोनदा विचारलं की नाटकातला तर नाहीस ना, आणि आम्हाला पूर्ण गुण मिळाले. कॅप्टन नाचायला लागली. मला फक्त परत जायचं होतं.

मंचावरून उतरल्यावर नवरदेवानं बाशिंग सोडून माझ्या हातात दिलं. "थोडं काम हाय. आलोच," म्हणाला, आणि आम्ही काही बोलायच्या आत गेटवरच्या रिक्षात बसून गेलासुद्धा. त्याचा फोन ताडकळसला करवल्याकडं राहिला होता.

आम्ही वाट पाहत राहिलो. सावल्या लांबल्या तरी त्याचा पत्ता नव्हता.

"पळाला गड्या," मित्र म्हणाला. "म्हणूनच झटक्यात हो म्हणला. आपणच गाडीत घालून त्याला आणून सोडलं. काकाला काय तोंड दाखवू मी?"

मी गेटपाशी ते बाशिंग हातात धरून उभी होते. मोत्यांच्या लडी वाऱ्यानं हलत होत्या आणि जाणारा येणारा प्रत्येक माणूस बाशिंगाकडं आणि मग माझ्याकडं बघत होता. तेवढ्यात फोन वाजला. आई.

"कुठं हायस?"

"कॉलेजात."

"खरं सांग. मामानं बघितलंय तुला. फुलाच्या गाडीत. नवरदेवाजवळ."

"आई, ते स्पर्धेचं होतं."

"लग्नाची कसली स्पर्धा गं?" तिचा आवाज फाटला. "कोण हाय पोरगा? कुठल्या गावचा?"

मी सांगत गेले तसतसं ते जास्तच खोटं वाटायला लागलं, मला स्वतःलाही. ताडकळसचं नाव ऐकल्यावर ती म्हणाली, "तुझे बाबा निघालेत. तिकडंच येतील आता." आणि फोन ठेवला.

त्यानंतर जी काही मिनिटं मी तिथं काढली, तशी परीक्षेच्या निकालाच्या दिवशीसुद्धा काढली नाहीत. नवरदेव सापडला नाही तर मांडवात एक पोरगी हळद लावून बसून राहणार. त्यात तिकडं माझे वडील पोचणार आणि विचारणार, नवरदेव कुठंय? आणि सगळा मांडव माझ्याकडं बोट दाखवणार.

रिक्षा आली. नवरदेव उतरला. गाल सुजलेला, ओठाच्या कोपऱ्यातून कापूस डोकावत होता.

"काय झालं? कुणी मारलं?" मित्र ओरडला.

नवरदेवानं मान हलवली, माझ्या हातातला फोन मागून घेतला आणि टाइप केलं. चार दिसापासून दाढ दुखत होती. रात्र रात्र झोप नव्हती. घरात एक मयत झाली म्हणून लग्न आधीच एकदा पुढं गेलं होतं. दाढेचं बोललो असतो तर म्हातारी माणसं म्हणली असती शकुन बरा न्हाई, परत तारीख बघा. त्याच्याखाली त्यानं लिहिलं होतं: मला पुढं ढकलायचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर मित्र गाडी अशी हाणत होता, की झेंडूच्या पाकळ्या मागच्या काचेवर उडून येत होत्या. ताडकळसच्या फाट्यावर नवरीचे वडील दहा-बारा माणसं घेऊन उभे होते. गाडी थांबली तसे ते मित्राकडं धावले, हात उगारला आणि नवरदेवाचा गाल बघून तसाच खाली घेतला. "ह्यायला कुणी हात लावला?" एवढंच ते विचारू शकले.

आत नवरीनं मला बोलावून घेतलं. हिरव्या चुड्याचे हात मांडीवर घट्ट धरून ती बसली होती. बायांना तिनं बाहेर पाठवलं.

"तुमीच नेलतं ना त्यायला? खरं सांगा. पळून चाललते का?"

"न्हाई हो. दाढ काढायला गेलते."

"मंग फोनवर चार दिसापासून नुसतं हं, हं करायलेत, ते त्याच्यामुळं?"

"असंल."

"मला वाटलं, मी त्यायला पसंत न्हाई," ती म्हणाली. "आईला सांगितलं तर ती म्हणली, आता काय बोलायलीस, पत्रिका वाटून झाल्या." मग तिनं पदर सारखा केला आणि विचारलं, "लय दुखलं का त्यायला?"

मी फोनवर त्यानं टाइप केलेलं तिला दाखवलं. शेवटची ओळ तिनं दोनदा वाचली.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मांडवाच्या दारात मला माझे वडील दिसले. शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर आले होते, केसांत धूळ. कुणीतरी रिवाजाप्रमाणं त्यांच्या हातात अक्षता दिल्या होत्या. त्यांची नजर आधी बोहल्यावर गेली. नवरदेवाला बघून ते दोन पावलं पुढं सरकले. मग अंतरपाटापलीकडची नवरी दिसली. मग गर्दीत मी. त्यांचे खांदे सैल पडले, आणि ओळखदेख नसलेल्या त्या जोडप्यावर त्यांनी सगळ्यांच्या बरोबर अक्षता टाकल्या.

नाव घ्यायच्या वेळी नवरदेवाच्या तोंडातून काही नीट शब्द निघेनात. पोरी हसायला लागल्या. तर नवरीच म्हणाली, "त्यायला बोलू लावू नका, डॉक्टरनं सांगितलंय," आणि तिनं दोघांच्या वाटचं घेतलं.

पंगतीत वडील माझ्या शेजारी बसले. बराच वेळ वरण-भात कालवत राहिले.

"पाथरीपासून इथपर्यंत काय काय बोलायचं, ते जुळवत आलतो," ते म्हणाले.

"मग बोला ना, बाबा."

त्यांनी वाढणाऱ्याला हाक मारून माझ्या पानात बुंदी वाढायला लावली. "जेव आधी," म्हणाले. "तोंड कसं उतरलंय बघ."