उंच हँडल, आखूड केबल आणि कचारगड

खांद्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं, वाकून गाडी चालवायची नाही. चौदा वर्षांची मोटरसायकल विकणं माझ्या जिवावर आलं होतं. मग उंच हँडल आणला आणि आपला हात जगन्नाथ म्हणत अंगणातच बसवला. हे जमलं नाही तर गाडी विकेन, असं बायकोला, सुनंदाला, कबूल केलं. परीक्षा म्हणून रविवारी दोघं कचारगडची गुहा बघायला निघालो.

गोंदिया-आमगाव-सालेकसा रस्ता बरा आहे, सकाळी लवकर निघा. आमगावला तर्री-पोहे खाल्ले, दोघांचे साठ रुपये. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या मोकळ्या पडल्या होत्या. ताठ बसून चालवत होतो, खांदा गप्प होता आणि मी स्वतःवर भलताच खूश.

सालेकशात डावीकडे वळलो आणि इंजिन आपोआप किंचाळलं. एक्सलेटर सोडलेला, तरी गाडी उसळली. सायकलवर पोतं नेणारा म्हातारा थोडक्यात वाचला. सुनंदा उतरलीच. "मी नाही बसत जी आता. कायले जीव घेऊन राहिले?" मी इंजिन बंद केलं. गाडी ढकलतच गॅरेज गाठलं.

तुळशीराम मिस्त्रींनी एका नजरेत ओळखलं. "हँडल इतका उंच केला अन् केबल जुनीच? वळवून पाह्यलं नाही काऊन?"

नव्हतं पाहिलं. हँडल सरळ असताना केबल पुरली होती. वळताना ती ताणली जाऊन एक्सलेटर ओढेल, हे डोक्यातच आलं नाही. त्यांनी हँडल दोन्ही टोकांना फिरवून सुतळीनं माप घेतलं आणि एक्सलेटर, क्लच, पुढचा ब्रेक, तिन्हींच्या नव्या, लांब केबल बसवल्या. तासभर लागला, मजुरीसकट आठशे रुपये.

मागे बसणाऱ्यानं हो म्हटल्याशिवाय ते गाडी सोडत नाहीत. इंजिन सुरू ठेवून सुनंदाला म्हणाले, "ताई, तुम्हीच फिरवा हँडल. आवाज बदलला त सांगा."

तिनं डावीकडे फिरवला, उजवीकडे फिरवला, कान देऊन ऐकलं. मग आणखी एकदा. "नाही बदलला," म्हणाली आणि मागे बसली. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या वळणांवर तिनं माझा शर्ट घट्ट धरला होता, तिसऱ्या वळणाला सोडला. कचारगडला पाणी सोबत न्या, चढ दमवतो. गुहेच्या गारव्यात आम्ही बराच वेळ नुसते बसलो.

घरी आल्यावर गुहेपेक्षा माझा आगाऊपणाच जास्त आठवत राहिला. खांदा मात्र दुखला नाही. सकाळी जुना हँडल भंगारवाल्याला द्यायला काढला.

"राहू द्या न," सुनंदा म्हणाली. "गाडी घेणाऱ्याले लागला तर?"

"गाडी कुठं विकून राहिलो?"

"मंग द्या," म्हणत तिनंच तो उचलून हातगाडीवर टाकला.