डॉक्टरकाकांच्या चुका

अख्ख्या कॉव्हेंट्रीत आमच्या डॉक्टरकाकांइतका सुतकी चेहऱ्याचा विनोदी माणूस झाला नाही, होणार नाही. आयुष्यभर इथल्या हॉस्पिटलात भूल द्यायचं काम केलं; "माझे श्रोते झोपलेलेच असायचे," म्हणायचे. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत माइक घेऊन असे काही विनोद सांगत, की नवे आलेले आयटीवाले श्रद्धांजली समजून माना खाली घालत. कुणी चुकून हसलंच, तर काका दुखावल्यासारखे बघत. ही सगळी उसनवारी एकोणिसाव्या शतकातल्या एका अमेरिकन वर्तमानपत्री विनोदकाराकडून. तोही म्हणे स्टेजवर असाच रडवेला उभा राहायचा, लंडन हसून लोळायचं. दौऱ्यावर असताना इथेच इंग्लंडात, घरापासून लांब, ऐन तारुण्यात गेला बिचारा. हे सांगून झालं की मात्र काका त्या दिवशी पुढे एकही विनोद करत नसत.

रिटायर झाल्यावर काकांनी त्याचं मराठी चरित्र लिहायला घेतलं. ते पुरं होतंय तोवर कॅन्सर निघाला. "जायच्या आत हे छापलेलं बघायचंय. आणि एकदा तरी कुणीतरी वाचून मोठ्याने हसलेलं ऐकायचंय," म्हणाले, आणि मंडळाच्या दिवाळी अंकासाठी फाइल माझ्या हातात ठेवली. संपादक मी, त्यातून पुण्याची! ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं दिसलं की माझ्या हाताला खाज सुटते. इथे तर ओळीओळीला चुका. 'घरात खायलाच नसल्याने त्याने आपला जन्मदीन कधी साजरा केला नाही.' वाटलं, आजारी माणूस, त्यात इतकी वर्षं इंग्लंडात, चालायचंच. आठवडाभर बसून सगळं शुद्ध केलं. 'दीन'चा 'दिन' केला.

अंक घेऊन वॉर्डात गेले. काकांनी चष्मा लावून सगळं वाचलं. "एकही चूक नाही गं," म्हणाले आणि माझा हात थोपटला. मी मूर्ख, खूश होऊन घरी आले! त्याच आठवड्यात ते गेले.

मग काकूंनी सांगितलं, "अगं, तो अमेरिकन मुद्दामच अशुद्ध लिहायचा, त्यालाच तर लोक हसायचे. त्या चुका मराठीत जुळवायला ह्यांना दोन वर्षं लागली."

"मग मला बोलले का नाहीत?"

"विनोद समजावून सांगायचा नसतो, म्हणाले. शिवाय तू इतक्या मायेने केलं होतंस."

परवा मूळ फाइल काढली. 'जन्मदीन'पाशी आले नि हसू फुटलंच. इतकी हसले की नवरा वरून धावत खाली आला. त्याला पान दाखवलं, तोही हसला. ज्यांना ऐकायचं होतं तेच नाहीत. काका, एकदा ओरडायचं होतं हो माझ्यावर!