झाईची खोली मीच पसंत केली!

देवमासा मी आयुष्यात एकदाच पाहिला आणि तो मेलेला होता.

झाईच्या किनाऱ्याला लागला होता. आम्ही तलासरीच्या डोंगराकडची माणसं, भात-नागली पिकवणारी. समुद्राशी आमचा संबंध मिठापुरता. तरी टेम्पोत बसून गेलो, नाकाला पंचा बांधून लांबूनच बघितला आणि परत आलो. गोष्ट तिथंच संपायला हवी होती. पण यंदा उन्हाळ्यात व्याह्यांचा फोन आला. व्याही जळगावकडचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. बोलता बोलता म्हणाले, "आबासाहेब, तुमच्याकडं बघण्यासारखं असं काय आहे हो?"

हा प्रश्न होता का? टोमणा होता! माझी मंगल त्यांच्या घरी दिल्यापासून विहीणबाई तिला माहेरी दोन दिवसांच्या वर राहू देत नाहीत. "तिथं डोंगर आणि डास, पोरांना करमत नाही," म्हणतात. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "आमच्याकडं देवमासा येतो!"

(मेलेला, एवढं सांगायचं राहिलं. फोनवर माणूस किती सांगणार?)

पलीकडं एकच गडबड उडाली. मागून विहीणबाई ओरडल्या, "विचारा, खोलीतून दिसतो का?"

"अंथरुणातून दिसेल!" मी म्हणालो.

ठरलं! दिवाळीच्या सुट्टीत समुद्रावर राहायचं, आणि तिथं सगळं मनासारखं झालं तर पोरांची सुट्टी संपेपर्यंत मंगल आमच्याकडं. हे ऐकून आमची ही चुलीपुढं बसून रडलीच. मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, खोली तेवढी शेजारच्या मास्तरांना मोबाईलवर बघायला सांगा."

"मोबाईलवर? बैल कधी मोबाईलवर बघून घेतला का मी?"

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण वस्तू पारखण्यात तालुक्यात कुणाला हार जात नाही. आषाढात छत्री घेऊन निघालो. डहाणूला पहिल्या ठिकाणी पाणी चाखलं, मचूळ! दुसऱ्या ठिकाणी कपाटासारख्या पेटीत उभं राहून वर जायचं. मी जिवंत असेपर्यंत पेटीत जाणार नाही म्हणालो. तिसऱ्या ठिकाणच्या पोरानं मला "अंकल" म्हटलं. निघालो तिथून!

शेवटी झाईला जमनाबाईचं घर सापडलं. बाई मासेमारी करणाऱ्या घरातली, दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची. अंगण स्वच्छ, विहिरीचं पाणी गोड. आणि खिडकी उघडली तर समोर मोकळी जागा, तिच्यापलीकडं समुद्र! मोकळ्या जागेत बांबू रोवून त्यांवर आडवे बांबू बांधलेले, एकापाठी एक रांगा. माझं शेतकऱ्याचं काळीज सुपाएवढं झालं.

"वा! वेलाचे मांडव!"

"काका, वेलाचे नाय ते. त्याच्यावर आमी..."

"बाई, मला शिकवू नका! जन्म गेला माझा मांडव घालण्यात. काकडी म्हणा, कारली म्हणा."

"अवो काका, पावसात होड्या बंद हायत म्हणून मोकळं दिसतं. दिवाळीला बघा..."

"दिवाळीला काय बहरतं ते मला ठाऊक आहे!"

बाईनं कपाळाला हात लावला. खोलीचा कोपरा न् कोपरा तपासून मी ती पसंत करून टाकली आणि घरी येऊन व्याह्यांना फोन लावला, "खिडकीतून नुसता हात बाहेर काढायचा, ताजी भाजी!" व्याही खूश. त्यांच्या घरी सगळे माळकरी. घरात अंडं आलं तर पातेलं उकिरड्यावर टाकतील अशी माणसं!

दिवाळी आली. डहाणू स्टेशनावरून सगळ्यांना जीपमध्ये घातलं. व्याह्यांच्या गळ्यात नवीकोरी दुर्बीण. झाई जवळ आली तशी विहीणबाईंनी नाकाला पदर लावला. "कसला हो वास?"

"समुद्राचा," मी म्हणालो. आमच्या हिनं मला असा चिमटा काढला की दंड काळानिळा झाला.

खोलीत गेलो. मी छाती पुढं काढून खिडकी उघडली. "बघा!"

मांडव बहरले होते. बोंबलांनी! दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून लटकवलेले, खालपासून वरपर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पलीकडं समुद्र असावा, असा नुसता अंदाज करायचा.

विहीणबाईंनी किंकाळी फोडली. "अगं बाई! सगळे आपल्याकडंच बघतायत!"

व्याह्यांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. "आबासाहेब, ही कोणती भाजी?"

मी हार मानणारा नाही. जमनाबाईच्या देवापुढचा अगरबत्तीचा पुडा अख्खा पेटवला. त्यानं वास गेला नाही, बोंबलांची पूजा घातल्यासारखं मात्र वाटायला लागलं. मग जीपमधली ताडपत्री काढली आणि मांडवावर टाकायला चढलो. जमनाबाई सुपली घेऊन धावत आली.

"काका, उतरा खाली! ऊन नाय लागलं तर माल कुजल माजा!"

"दोन घटका झाका की! पाहुणे आहेत!"

"मग पावण्यांना झाका!"

सगळी आळी जमली. मी वर, ताडपत्री माझ्यावर आणि नातवंडं खाली टाळ्या वाजवतायत. व्याही बिचारे सभ्य माणूस, दुर्बीण डोळ्याला लावून खिडकीत बसले होते. जिकडं फिरवावी तिकडं बोंबील, फक्त आकारानं मोठा! एकदा तर ते "दिसला! दिसला!" म्हणून उठून उभेच राहिले. तोही बोंबीलच.

शेवटी मला खाली उतरवून जमनाबाई खोलीत आली, तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं, "बाई, तुमचा तो देवमासा साधारण कधी येतो?"

"कोन? तो मेलेला?" जमनाबाई म्हणाली. "त्याला कवाच पुरला! खड्डा काढायला मशीन आणावं लागलं."

व्याह्यांनी दुर्बीण गळ्यातून काढून ठेवली. बाहेर बोंबील वाऱ्यानं हलत होते.

"मंगल," विहीणबाई म्हणाल्या, "कपडे भर. आजच्याच गाडीनं परत जायचं. सगळ्यांनी."

मंगल पोरांचे कपडे घडी करून पिशवीत ठेवायला लागली. तिच्या आईनं भिंतीकडं तोंड फिरवलं. सुट्टीभराचे लाडू करून ठेवले होते तिनं.

व्याह्यांनी मला कोपऱ्यात घेतलं. "आबासाहेब, एकदा चुकलं म्हणा. मी हिची समजूत घालतो. पोर राहील तुमच्याकडं."

मी तोंड उघडलं. नांगर धरला, विहीर खणली, पण एवढं जड काम कधी केलं नव्हतं.

"वाऱ्याचं चुकलं," मी म्हणालो. "तो इकडून यायला नको होता."

"अहो!" आमची ही भिंतीकडं तोंड ठेवूनच म्हणाली.

"या बाईनं नीट सांगितलं नाही."

"मी?" जमनाबाईनं सुपली खाली आपटली.

"देवमाशाचंच चुकलं. मरायला नको होतं त्यानं."

मंगलनं पिशवीची चेन ओढली. तो आवाज माझ्या काळजात गेला.

"माझं... चुकलं," मी म्हणालो. अगदी हळू.

"काय म्हणाले?" विहीणबाईंनी विचारलं.

"आबांचं चुकलं म्हणतायत!" मंगल ओरडलीच.

आमची ही गर्रकन वळली. "काय? पुन्हा म्हणा! लग्न झाल्यापासून ऐकलं नाही हो मी हे!" जमनाबाईनं बाहेर जाऊन सगळ्या आळीला सांगितलं, "काकांचं चुकलं!" दोन म्हाताऱ्या तर मला बघायला आत आल्या. विहीणबाईंनी आधी पदराआड हसू दाबलं, मग दाबवेना, मग त्या भरलेल्या पिशवीवरच बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या. "राहू दे गं मंगल," एवढंच कसंबसं म्हणाल्या.

मंगल राहिली. लाडू संपले. व्याही-विहीणबाई त्याच संध्याकाळी गेले, आणि मी अब्रूचं वाटोळं झालं म्हणून बरेच दिवस पारावर गेलो नाही.

परवा व्याह्यांचा फोन आला. "आबासाहेब, पुढच्या वर्षी पुन्हा यायचं म्हणते ही. पण एक अट आहे. जागा तुम्हीच निवडायची! देवमासा दिसो न दिसो, तुमचं चुकलेलं हमखास बघायला मिळतं!"