सेव्हिलमधली ताटली

आज अग्रहारातल्या, म्हणजे ब्राह्मणवस्तीतल्या, आमच्या स्वयंपाकघरात आईने ऑलिव्ह तेलात लसूण परतला आणि त्या वासासरशी मी नऊ वर्षांची होऊन स्पेनमधल्या सेव्हिलला पोचले.

अप्पांनी तापास मागवले होते. तळलेले बटाटे, मिरच्या, ऑलिव्ह, सगळं छोट्या ताटल्यांत. वेटरने त्या मधोमध मांडल्या आणि चौघांना नुसते चार काटे दिले.

"एकाच ताटलीत सगळ्यांनी? एंजलु होतं हो!" आई कासावीस झाली.

"अगं, इथं उष्टंबिष्टं मानत नाहीत," अप्पा म्हणाले. धाकट्याने तोवर काटा खुपसलाही होता.

शेजारच्या टेबलावरची म्हातारी हसली आणि तिने स्वतःची अर्धी संपलेली ताटली आमच्याकडे सरकवली. आम्ही श्वास रोखून आईकडे पाहिलं. आईने त्यातला बटाटा उचलून तोंडात टाकला.

"छान आहे की!"

त्या क्षणी मला आई क्रांतिकारक वाटली होती.

आमची भांडी घासणाऱ्या रत्नम्माला मात्र ती अजूनही वेगळ्या लोट्यात कॉफी देते. आज मी सेव्हिलची आठवण देऊन आईशी भांडले.

"ते ऊरच वेगळं होतं गं, ते गावच वेगळं," ती म्हणाली.

तेव्हाचा अभिमान आता मला स्वस्थ बसू देत नाही. जिचं नावही ठाऊक नव्हतं, तिचं उष्टं आईला चाललं होतं.