भिंतीबाहेरचं नेट

"आधी दार कुठंय ते सांगा."

कुठल्याही नव्या खोलीत शिरताना आमच्या ताई हेच विचारायच्या. हॉटेलात दाराजवळचंच टेबल धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

लातूरच्या आमच्या दैनिकात त्या मुद्रितशोधन करत. गाव किल्लारी. त्र्याण्णवच्या भूकंपात शाळकरी वयाच्या त्या बाहेर पळाल्या, शेजारी झोपलेला धाकटा भाऊ आत राहिला. हे त्यांनी एकदाच सांगितलं, हातातल्या पानावरून नजर न उचलता.

त्यांची खुर्ची दाराला लागून होती. चपला बाहेर तोंड करून ठेवलेल्या. मी चिडवायचो, "ताई, संपादक आले की पळायला बरं."

"हसा. त्या दिवशी माझ्याच चपलांत पाय अडकून पडाल."

लेकीच्या बाळंतपणासाठी त्या तीन महिने जपानला गेल्या. पुरवणीचं काम तिथून करणार होत्या. लेकीकडे वायफाय होतं, तरी त्यांनी हॉटस्पॉट, म्हणजे खिशात मावणारी नेटची डबी, भाड्यानं घेतला. "भिंतीतलं नेट मला न्हाई पाहिजे. माझ्यासंगं बाहेर आलं पाहिजे."

ती डबी त्या दाराशी, चपलांवर ठेवत. रोज सराव करत: डबी, चपला, दार. व्हिडिओ कॉलवर आम्ही तो पाहून लई हसलो.

बाळ महिन्याचं झालं. एका दुपारी त्या मला फोनवर मथळे वाचून दाखवत होत्या. लेक भाजी आणायला गेली होती. मध्येच भांडी वाजली. मग कपाटाची दारं. मग नुसती पावलं, जिन्यावरून धाडधाड.

कॉल तुटला नाही. नेट खरंच त्यांच्यासंगं बाहेर आलं होतं.

"आले बाहेर," त्या धापा टाकत म्हणाल्या. "डबी हाय. फोन हाय. चपला हायत."

"आणि बाळ?"

डबी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. पावलं उलटी धावली, डबी मागं राहिली आणि थोड्याच वेळात कॉल तुटला.

मी लावत राहिलो. लागेना. माझ्यासमोर त्यांनी अर्धवट तपासलेलं पान होतं. त्यातलं एकही अक्षर मला वाचता येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं लेकीचा निरोप आला: "बाळ झोपलेलंच आहे. धक्का छोटा होता. आई मात्र त्याला खाली ठेवायला तयार नाही."

परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची उचलली आणि पार आतल्या भिंतीला लावली.

"ताई, दार लांब पडेल."

"पडू द्या. सगळे निघाले की निघीन."

यंदा त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी दारात थांबल्या, वळल्या आणि आम्हा सगळ्यांना बोटानं एकेक करून मोजलं. दोनदा.

मग चपला घातल्या.