घरातलं बोलणं

मुलुंडला आमची शाळा दोन खोल्यांची होती आणि शेजारी, भिंतीला भिंत लागून, पिठाची चक्की. कर्णबधिर मुलांसाठी जागा शोधताना संस्थेच्या मंडळींनी म्हणे फार विचार केला होता. "आवाजाचा त्रास या मुलांना थोडाच होणार आहे?" असं अध्यक्षांनी मला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. मी नुकतीच ट्रेनिंग संपवून आले होते. मुलांच्या छातीवर श्रवणयंत्राची जी पेटी बांधतात ती माझा आवाज मोठा करते तसा चक्कीचाही करते, हे सांगायचा मला धीर झाला नाही.

त्या वर्षी पाच वर्षांची एक मुलगी आली. वडील कापड गिरणीत होते. संप काही मिटेना, तेव्हा त्यांनी मुलुंडच्या एका कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. घर मालवणकडचं, चाळीतली एक खोली, आई-वडील, ही आणि आजी.

मी तिच्या मागे उभी राहून डफ वाजवायचे. आवाज आला की तिनं गालाशी धरलेला मणी डब्यात टाकायचा. तीन आठवडे मणी गालाशीच राहिला. एके दिवशी लाइट गेली, चक्की बंद पडली, आणि तिनं दचकून भिंतीकडे पाहिलं. मग अगदी शिस्तीत मणी डब्यात टाकला. मी तीन आठवडे आवाज ऐकवत होते, आणि तिनं मला दाखवला तो आवाज थांबल्याचा क्षण. पण म्हणजे तिला ऐकू येत होतं! मी वेड्यासारखं तिला उचलून घेतलं.

आईला मी सांगितलं, "यंत्र घरीही लावा. खुणा बंद. स्वयंपाक करताना, भांडी घासताना, तिच्याशी बोलत राहा."

आई बोलायची. आजी मात्र माझ्या तोंडावर म्हणाली, "तिका काय आयकाक येता?" आणि याच समजुतीवर त्या घरात पोरीच्या समोर सगळं बिनधास्त बोललं जायचं.

वर्षभरात तिला 'आई', 'पाणी', 'दे', 'नको' असे पंचवीसेक शब्द यायला लागले. वाक्य मात्र येईना. मी बाहुलीला जेवू घालायचे, झोपवायचे, 'बाहुली झोपली' म्हणून घसा कोरडा करायचे. एका सकाळी तिनं बाहुली माझ्या हातातून घेतली, मांडीवर ठेवली, एक लांब सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "हिचं काय करायचं?"

मी आनंदानं ओरडलेच. 'ह' हवेत विरून न जाता आला होता. 'च' बरोबर होता. प्रश्नाचा सूर शेवटी वर गेला होता. मी लगेच वहीत लिहिलं: तीन शब्दांचं वाक्य, स्वतःहून, उच्चार स्पष्ट. बाकीच्या बाईंना बोलावून तिच्याकडून ते पुन्हा म्हणवून घेतलं. तिनंही उत्साहानं म्हटलं, सुस्काऱ्यासकट. वही मिटल्यावर कुठे माझ्या डोक्यात शिरलं, की ती काय म्हणते आहे.

दुपारी आई न्यायला आली. मी सांगितलं तशी ती पायरीवरच बसली. म्हणाली, "बाई, आमचे हे जेवताना म्हणतात. रोज."

दोन दिवसांनी वडील ड्युटीवरून थेट शाळेत आले. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे छातीशी घेऊन बसले. युनिफॉर्मची टोपी मांडीवर फिरवत राहिले.

"तिला कळतं ते?" त्यांनी विचारलं.

"अर्थ कळत असेल की नाही, सांगता येणार नाही. सूर कळतो."

त्यांनी मान हलवली. "मी काय वाईट मनानं नव्हतो म्हणत, बाई."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. तिलाही माहीत आहे, असं काही मला म्हणवेना.

त्याचा परिणाम असा झाला, की ते घर चिडीचूप झालं. पोरगी समोर असली की कुणी तोंड उघडेना. वर्षभर खपून मी तिला ऐकायला शिकवलं होतं आणि आता ऐकायलाच काही उरलं नव्हतं. दोन महिने एकही नवा शब्द आला नाही. मी घरी जाऊन हात जोडले, "अहो, भांडा, पण बोला!"

कोंडी फोडली आजीनं. तिला गप्प बसणं झेपतच नव्हतं. फक्त आता ती पोरीविषयी न बोलता पोरीशीच बोलायला लागली. "गो चेडवा, हंय ये" म्हणून तिला पुढ्यात बसवायची आणि मासे साफ करता करता सगळ्या चाळीची खबर द्यायची. पोरगी तिच्या तोंडाकडे टक लावून बघायची. सहा महिन्यांत ती घडाघडा बोलायला लागली. मी शिकवलेलं शुद्ध मराठी त्यात चवीपुरतं होतं.

वर्षअखेरीला तपासणीला एक अधिकारी आले. त्यांनी तिला माशाचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय आहे?"

"बांगडो," ती ठणकावून म्हणाली.

त्यांनी शेरा लिहिला: शेवटचा स्वर सदोष. मी म्हटलं, "साहेब, ते मालवणी आहे. तिच्या घरी असंच म्हणतात." ते म्हणाले, "बाई, तुम्ही शिकवता ते प्रमाण मराठी ना?"

जूनमध्ये ती साध्या शाळेत गेली, शेऱ्यासकट. निरोप द्यायला वडील तिला घेऊन आले, तेव्हा आजीही सोबत होती. मी आजीला तो शेरा हसत हसत सांगितला. ती अजिबात हसली नाही.

"मगे बांगड्याक आणखी काय म्हणतत?"