नोंद न झालेली रोपं

धाकट्या जावेनं टोमॅटोसाठी वावर तयार ठेवलं होतं. बेड पाडले, ठिबक टाकलं, तण येऊ नये म्हणून वर मल्चिंगचा कागद अंथरला. रोपं मात्र आली नाहीत. रोपवाटिकेत फोन केला तर म्हणाले, तुमची नोंदच नाही.

ही नोंद माझ्या नातीनं बचत गटासाठी केलेल्या वेबपानावर व्हायची. जाऊ तणतणत घरी आली.

"आक्का, तुमच्या नातीनं येड्यात काढलं मला! 'नोंद झाली' असं आलं व्हतं की मोबाईलवर!"

नातीनं लॅपटॉप उघडला. रोपवाटिकेच्या सर्व्हरच्या सुरक्षेच्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती, म्हणून ब्राउझर माहिती पुढं सोडतच नव्हता.

"मग पान 'झाली' कसं म्हनलं?" मी विचारलं.

"उत्तर यायच्या आधीच मी तसं दाखवत होते, आजी. चुकलं तर काय करायचं, ती जागा कोडात रिकामीच ठेवली."

मी चौथी शिकलेली, पण एवढं कळतं. आमचे मालक जुन्नरला कामाला असताना मी डिंगोऱ्याहून सकाळच्या एसटीनं डबा पाठवायचे. गाडी सुटली म्हणून डबा पोचला, असं मी कधी धरलं नाही. संध्याकाळी डबा परत यायचा. रिकामा पाठवायचा नाही म्हणून ते त्यात पेरू, सुपारी, काहीतरी टाकायचे. एकदा भाजी-भाकरी तशीच परत आली, म्हणजे गाडीवाला द्यायला विसरला. मी चिडले, पण कळलं तरी. ते दिवस बरे होते. काम जास्त होतं, पण बरे होते.

हे नातीला सांगितलं. तिनं मान खाली घालून कोड बदलला. मग जावेच्या मोबाईलचं नेट बंद करून बटण दाबायला लावलं. लाल अक्षरं आली, 'नोंद झाली नाही. तुमची माहिती इथंच आहे. फोन करा.'

"आता खरं बोलतंय मेलं," जाऊ म्हणाली. "पन माझ्या वावराचं काय?"

नातीनं दुपारभर फोन केले. निमगाव सावा गावातल्या एका रोपवाटिकेत उरलेली रोपं मिळाली, वाढून लांबलेली, देठाला पिवळी. दुसऱ्या दिवशी नात ती रोपं जावेबरोबर वाकून लावत होती. जाऊ तिच्याशी बोलत नव्हती, पण भाकरी दोघींची बांधून आणली होती.